पाटावर राहिलेला बिल्ला

आधीच सांगून टाकतो, मी बिल्ला आहे. हमालाचा नव्हे, निवडणुकीतला नव्हे, शाळेतल्या मॉनिटरचा तर नव्हेच. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्या माणसांनी छातीवर लावायचा प्लॅस्टिकचा बिल्ला. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, रंगाने मळकट, दिसायला अगदीच सुमार. माझ्या पोटात एक पातळ पट्टी असते. माणसाच्या अंगावर जेवढे किरण पडतात तेवढेच त्या पट्टीवर पडतात आणि ती ते साठवून ठेवते. दर तीन महिन्यांनी पट्टी काढून मुंबईकडच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे तिला तापवून आकडा काढतात आणि माझ्या पोटात नवी पट्टी येते. बस, एवढंच माझं काम. मी ओरडत नाही, माझा दिवा लागत नाही, मी कुणाला वाचवतही नाही. अंगावर जे पडलं ते मुकाट्याने मोजतो आणि खरं सांगतो.

खरं सांगतो याचा मला फार तोरा होता हो. आता नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय.

जयपूरला मी कुरियरच्या पिशवीतून आलो, आणखी सहा भावंडांबरोबर. जगतपुऱ्याच्या पुढे, कॉलेजं संपून शेतं सुरू होतात तिथे एका छोट्या कंपनीचं आवार होतं. कारखान्यांतल्या पाइपांचे, बॉयलरचे जोड आतून पक्के आहेत का, हे तपासायचं कंपनीचं काम. माणसाच्या हाडाचा एक्स-रे काढतात ना, तसा लोखंडाचा काढायचा. त्यासाठी एक जड डबा असतो, त्याला तिथे सगळे ‘कॅमेरा’ म्हणत. डब्याच्या पोटात इरिडियमचा एक तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याला म्हणायचं ‘सोर्स’. लांब उभं राहून हँडल फिरवलं की तारेच्या टोकाला धरून हा दाणा डब्यातून निघतो, नळीतून सरकत जोडापाशी जातो, फिल्मवर फोटो उमटतो आणि हँडल उलटं फिरवलं की दाणा परत डब्यात. डब्यात असला की गुणी बाळ. बाहेर असला की काळ. आणि गंमत म्हणजे, तो बाहेर आहे की आत हे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला वास येत नाही, हाताला चटका बसत नाही.

मला लावलं ते संकल्पच्या शर्टाला. संकल्प मंगळवेढ्याचा. अठ्ठावीस वर्षांचा, उंच, हसताना मान खाली घालणारा. शिक्षण संपवून, या कामाचा रीतसर कोर्स करून इथे आला होता. जगतपुऱ्यात स्टेशनजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको मैथिली आणि चार वर्षांची कस्तुरी. मैथिली नाशिककडची, तिला ज्वारीची भाकरी थापता यायची नाही. रविवारी हा गडी स्वतः परातीपुढे बसायचा आणि ताटाएवढी भाकरी थापायचा, कडेला एक चीर पडेल तर शपथ. मला खरं तर ऑफिसातच ठेवायचा नियम, पण एकदोनदा शर्टाबरोबर मीही घरी गेलो, म्हणून हे ठाऊक.

“पप्पा, हे मेडल आहे? मतलब तुम्ही जिंकलात?” कस्तुरीने मला बोटाने टोचत विचारलं होतं.

“हो, रोज जिंकतो,” तो म्हणाला. मैथिलीने मात्र मला उचलून उंच फळीवर ठेवलं. तिला माझी जरा भीतीच वाटायची. भ्यायचं तिने मला नव्हतं, पण ते असो.

आता सदाशिवरावांबद्दल सांगतो. सांगताना माझा तोल गेला तर सांभाळून घ्या.

सदाशिवराव सांगोल्याचे. वय अठ्ठावन्न. कंपनीतले सुरक्षा अधिकारी. तीस वर्षं या कामात काढलेली, कुठल्या अंतरावर किती वेळ उभं राहिलं तर अंगाला किती लागेल, हे पेन न उचलता सांगतील असा माणूस. संकल्पला इथे आणलं त्यांनीच. संकल्प त्यांना काका म्हणायचा आणि ते त्याला ‘लेका’. परमुलखात आपल्या जिल्ह्याचं माणूस भेटलं की जसा जीव लागतो तसा लागला होता.

त्यांचा एकच दोष, आणि त्याला दोष म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते वस्तू जपायचे. किरण मोजायचं मीटर अकरा वर्षांचं, पण कव्हराच्या आत कालच आणल्यासारखं. संकटाच्या वेळी सोर्स उचलायचा लांब चिमटा, त्यावर ओरखडा नाही. किरण अडवायच्या शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या, त्यांची शिवण उसवलेली नाही. आम्ही सात बिल्ले कपाटात ओळीने खिळ्यांना. तपासणीला साहेबलोक आले की वाहवा करून जायचे. दरवर्षी संकटाचा सराव व्हायचा. हेल्मेटं घालायची, चिमटा हातात धरून फोटो काढायचे, समोसे खायचे आणि चिमटा पुसून पेटीत. तुमच्या घरातल्या काचेच्या कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशा असतात ना, तशी आमची गत. पाहुणे कधी यायचेच नाहीत.

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. खंडेनवमीचा दिवस. उद्या दसरा म्हणून रस्त्याकडेला विकायचे रावण उभे होते, लहान, मोठे, मिशीवाले. आवारात सुटी होती, फक्त पूजेसाठी सदाशिवराव, संकल्प आणि ड्रायव्हर भंवरजी आलेले. सदाशिवरावांनी पाट मांडला, लाल कापड अंथरलं. त्यावर मीटर, चिमटा, शिशाच्या पिशव्या आणि पुढे आम्ही सात. हळद, कुंकू, झेंडू. माझ्यावर एवढं कुंकू माखलं की मला धड दिसेना. कॅमेरा मात्र जड, तो त्याच्या सिमेंटच्या खड्ड्यातच राहिला. खड्ड्याच्या झाकणावर एक फूल ठेवलं, झालं.

अकराच्या सुमारास मालकांचा फोन आला. बस्सीच्या एका कारखान्यात चार जोड तपासायचे राहिलेत, उद्या त्यांच्याकडे मोठे लोक येणार आहेत, आजच पाहिजे. सदाशिवराव आधी नाहीच म्हणाले. मग “जी… जी…” करत गेले आणि फोन ठेवला.

“दीड तासाचं काम हाय. भंवरजींना घेऊन जाऊन ये,” ते संकल्पला म्हणाले.

संकल्पने पाटाकडे बघितलं. “काका, मीटर तरी न्यायला पाहिजे.”

“पूजेला बसलेलं हत्यार आज उचलत्यात व्हय रं? सांजच्याला आरती झाली की मग उचलायचं. तुला सांगायला पाहिजे का हे?” सदाशिवराव जरा दुखावलेच. “कॅमेरा काय पाटावर न्हाई. तो ने. तीस वर्षं बघतोय मी, सोर्स आत आला का न्हाई ते हँडलच्या वळशावरनं कळतंय.”

संकल्पला सांगायला नको होतं, हेच तर दुर्दैव. त्याच्या घरी या दिवशी विळा भिंतीला टेकलेला असतो, आजोबा कुऱ्हाडीला हात लावू देत नाहीत. कुणा राजस्थानी पोराला हे सांगितलं असतं तर त्याने हसून मीटर उचललं असतं. हा आमचाच होता, म्हणून त्याला पटलं. त्याने मला उचललं. दोन बोटांत धरलं. बोटाला कुंकू लागलं. मी मनात म्हणालो, चल रे, लाव, लाव. त्याने सदाशिवरावांकडे बघितलं आणि मला जिथे होतो तिथेच अलगद ठेवलं, अगदी फूलसुद्धा नीट केलं.

बस्सीला काय झालं ते मी पाहिलेलं नाही. तिथे मी नव्हतो, आणि माझं सगळं दुखणं तेवढंच आहे. पुढे संकल्पच्या तोंडून दहा वेळा ऐकलं, ते सांगतो.

पहिल्या जोडाचा फोटो झाला. त्याने हँडल उलटं फिरवलं, वळसे पूर्ण भरले. सोर्स आत आला असं समजून तो जोडापाशी गेला. पण तारेच्या टोकाची आकडी निसटली होती. तार एकटीच डब्यात परत आली होती आणि दाणा नळीच्या टोकात तसाच पडून होता. मीटर असतं तर दहा पावलांवरूनच बोंबललं असतं. मीटर पाटावर होतं. संकल्पने उजव्या हाताने नळीचं टोक धरलं, डाव्याने फिल्म बदलली, टोक पुढच्या जोडाला बांधलं. असं चारदा. एकदा चिकटपट्टी फाटेना म्हणून टोक मुठीत धरूनच उभा राहिला. मग नळी गुंडाळून गाडीच्या मागे टाकली आणि भंवरजींशी रावणांच्या किमतीवर बोलत जगतपुऱ्याला परत आला. भंवरजींना तर बिल्ला कधी मिळालेलाच नव्हता, ड्रायव्हरला कशाला पाहिजे म्हणून.

साडेतीनला त्याने ती नळी खोलीच्या कोपऱ्यात आणून ठेवली, आमच्या पाटापासून पाचसहा पावलांवर. माझ्या पोटातली पट्टी दचकली. मला कळलं. पण मला कुठे तोंड आहे? सदाशिवराव आरतीची तयारी करत होते. निरांजन लावलं आणि मग म्हणाले, हत्याराला जरा जाग आणूया. त्यांनी मीटरचं बटण दाबलं.

ते मीटर असं किंचाळलं की निरांजन त्यांच्या हातातून पडलं.

“भाइर! भाइर व्हा सगळे!” एवढंच ते बोलले. पुढचं जे त्यांनी केलं ते मान्य करायला हवं, या माणसाला आपलं काम येत होतं. दोघांना लांब शेताच्या बांधावर पिटाळलं. दूरवरून मोजमाप केलं, कागदावर हिशोब मांडला, मग आत येऊन पाटावरचा कुंकू लागलेला तोच चिमटा आणि झेंडू चिकटलेल्या त्याच पिशव्या उचलल्या. काही मिनिटांत दाणा जाड शिशाच्या भांड्यात बंद झाला.

मग बांधावर जाऊन त्यांनी संकल्पला विचारलं, “नळी कुठं धरलीवतीस?”

“टोकाला,” संकल्प म्हणाला. “चारदा.”

सदाशिवराव तिथेच ढेकळांत बसले. संकल्प स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. हात अगदी नेहमीसारखा होता. कुठे लाली नाही, दुखणं नाही, काही नाही.

अशा वेळी काय करायचं ते आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ताबडतोब वर कळवा. माणसाला योग्य दवाखान्यात न्या. त्याच्या अंगाला कुठे, किती लागलं ते लिहून द्या. तक्ता लॅमिनेट केलेला होता, सदाशिवरावांनीच करून घेतलेला. मालकांना फोन लागला. मालक म्हणाले, “सोर्स मिल गया ना, सदाशिवजी? तो फिर बात खतम. लायसेन्स गया तो सब सड़क पर आ जाएंगे.”

आणि सदाशिवरावांनी काय केलं असेल? त्या महिन्यात वार्षिक सराव व्हायचा होता. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: संकटकालीन सराव यशस्वीरीत्या पार पडला. सर्व कर्मचारी बिल्ल्यांसह हजर. वेळ चाळीस मिनिटं. खाली स्वतःची सही, त्याखाली संकल्पची. अशी नोंद मी आयुष्यात पाहिली नाही. तीस वर्षांत एकदाच खरं संकट आलं, त्याचं नाव त्यांनी सराव ठेवलं.

“थोडं लागलं असंल,” ते संकल्पला म्हणाले. “बघू. मी हाय न्हवं.” संकल्प मान खाली घालून हो म्हणाला. काकांचं नाव खराब व्हायला नको, असंही त्याच्या मनात होतं. चांगली माणसं ही अशी जातात.

चौथ्या-पाचव्या दिवशी बोटं लाल झाली, खाजायला लागली. मग बरी वाटली. दिवाळीला आठवडा राहिला असताना फोड आले, मोठाले, पाण्याने भरलेले. मालवीय नगरातल्या कातडीच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, “पटाखे?” दिवसच ते. मलम दिलं. मैथिली सांगत राहिली, अहो यांनी अजून फुलबाजीसुद्धा पेटवली नाही. डॉक्टर हसले. संकल्प गप्प. हे मागाहून ऐकलं तेव्हा मला त्याचा इतका राग आला ना! पण तो मनातून किती टरकला होता हेही मला ठाऊक आहे. तक्ता त्यानेही वाचलेला होता. फोड किती दिवसांनी आले म्हणजे किरण किती लागले, हे त्याला समजत होतं.

नोव्हेंबरात बोटांची टोकं काळी पडली. वेदना अशी की गोळीने थांबेना. मोठ्या हॉस्पिटलात सर्जन होत्या, डॉक्टर मीनाक्षी. त्यांनी पहिल्यांदा विचारलं की हा काम काय करतो. “फॅक्टरीत टेस्टिंग,” संकल्प म्हणाला. मैथिली म्हणाली, “एक्स-रेसारखं काहीतरी असतं, डॉक्टर. एक बिल्लाही लावतात.” त्या बाई चटकन सरळ बसल्या.

दुसऱ्या दिवशी मैथिली स्कूटरवरून आवारात आली. हेल्मेटही न काढता म्हणाली, “काका, यांच्या बिल्ल्याचा आकडा काय आलाय? डॉक्टर म्हणतात, रेडिएशन असेल तर किती आणि कुठपर्यंत लागलंय ते कळायलाच हवं. वरून चांगलं दिसतं पण आतून कुठपर्यंत मेलंय ते कळत नाही. कळलं तर एकदाच काय ते करता येईल, हात वाचवता येईल. नाहीतर म्हणाल्या, एकेक बोट करत मागे यावं लागेल.”

सदाशिवरावांनी माझ्याकडे बघितलं नाही. “अजून आकडा आलेला न्हाई. अर्जंट पाठवतो,” म्हणाले.

पाठवतो! अहो, कुणाला पाठवता? मी त्या दिवशी कुठे होतो ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? त्यांनी माझ्या पोटातली पट्टी काढली, कुरियर केली, आणि बारा दिवसांनी आकडा आला. शून्य पूर्णांक चार. खरा आकडा. पाटापासून पाचसहा पावलांवर नळी पडली होती, तेवढ्या वेळाचा. त्या खोलीचा आकडा तो, झेंडूचा आणि निरांजनाचा. संकल्पच्या हाताचा नव्हे.

डॉक्टर मीनाक्षींनी कागद बघितला आणि मान हलवली. “एवढ्याने तर कातडी लालसुद्धा होत नाही. हे रेडिएशन नाही, दुसरं काहीतरी आहे.” त्यांची काय चूक? मग रक्तवाहिन्यांच्या तपासण्या झाल्या, कसल्या कसल्या रोगांची नावं निघाली, दिल्लीला नमुने गेले. तोवर तर्जनी गेली. डिसेंबरात मधलं बोट गेलं. आणि जिथे कापलं तिथे भरेना, कारण तिथलंही आतून मेलेलं होतं. माझ्या एका खऱ्या आकड्याने त्या शहाण्या बाईला चुकीच्या रस्त्याला लावलं. मी खोटा ठरलो असतो तरी चाललं असतं. देवा, मी बिघडलो का नाही!

दुसरं बोट गेल्यावर संकल्पने मैथिलीला सगळं सांगितलं. पाट, पूजा, नळी, रजिस्टर.

ती आली तेव्हा मला वाटलं आता आवार डोक्यावर घेईल. तिने आवाज चढवला नाही. टेबलावर मोबाइल ठेवला, त्यात हाताचा फोटो होता. “काका, बघा,” एवढंच म्हणाली. सदाशिवरावांनी बघितलं. मग शर्टाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. सोर्सची ताकद, नळी हातात असल्याची मिनिटं, मूठ कुठे होती त्याचं चित्र, खाली आकडा. तो आकडा मी उच्चारत नाही.

तिने वरची तारीख वाचली. खंडेनवमीची होती.

“हे तुमच्याकडे होतं?”

“होतं.”

“तीन महिने?”

त्यांची नजर पुन्हा त्या फोटोवर गेली. “त्यांनी तुम्हाला काका म्हटलं हो,” मैथिली म्हणाली, आणि तिथे पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. कागद उचलून ती पळतच निघाली, मोबाइल विसरून. सदाशिवराव तो द्यायला फाटकापर्यंत धावले, पण ती निघून गेली होती.

डॉक्टर मीनाक्षींनी कागद दोनदा वाचला. पहिल्या आठवड्यात मिळता तर कदाचित अंगठा आणि तळवा राखता आला असता, म्हणाल्या. कदाचित. आता उशीर झाला होता, जंतुदोष वर सरकत होता. जानेवारीत मनगटाच्या वर चार बोटांवर हात कापला.

मग सगळीकडे कळलं. कळायला नको तेव्हा आमच्या लोकांना फार लवकर कळतं. इमारतीतल्या बायका मैथिलीबरोबर लिफ्टमध्ये शिरेनात. बालवाडीच्या बाईंनी फोन केला, “बेटी को कुछ दिन मत भेजिए, बाकी बच्चों का सवाल है।” अरे, तो दाणा कधीच शिशात बंद झाला, संकल्पच्या अंगातून कुणाला काही लागत नाही, तो काय देवीचा रोगी आहे? त्याला जे व्हायचं ते होऊन गेलं. हे समजावून सांगणारं कुणी नव्हतं. आमच्या लॅमिनेट केलेल्या तक्त्यात शेजाऱ्यांचा रकानाच नव्हता. कस्तुरी बाल्कनीच्या गजांतून खालची मुलं बघत बसायची, असं संकल्प भंवरजींना सांगत होता. भंवरजींचं रक्त तपासलंय, ते अजून धडधाकट आहेत. पुढचं कुणी सांगत नाही.

मार्चमध्ये चौकशी बसली. वरून तिघे अधिकारी आले होते, मालक आले होते, मालकांचे वकील आले होते. मला टेबलाच्या मधोमध ठेवलं, माझ्या आकड्याच्या कागदावर. आणि प्रश्न एकच होता. काम करताना संकल्पने बिल्ला लावला होता की नाही?

नीट ऐका. लावला होता म्हणाला, तर माझा शून्य पूर्णांक चार हा त्याचा आकडा, आणि मग हात काही या कामाने गेलेला नाही. लावला नव्हता म्हणाला, तर नियम त्याने मोडला, दोष त्याचा. पुढचं औषधपाणी, नकली हात, भरपाई मिळणं न मिळणं, सगळं या एका उत्तरावर. मालकांचा वकील आदल्या दिवशी त्याला ‘हो’ म्हणायला शिकवून गेला होता.

“नव्हता लावला,” संकल्प म्हणाला.

“का?”

त्याने मान खाली घातली. तेव्हा मागच्या खुर्चीवरून सदाशिवराव उठले. पाच महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. “मी लावू दिला न्हाई,” ते म्हणाले. “पूजेवरचा होता. मीटरबी मीच दिलं न्हाई. चूक माझी हाय, ह्या पोराची न्हाई.” एवढं बोलून ते रडायला लागले. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, एक माणूस खरं बोलला.

अधिकाऱ्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि त्या तारखेचं पान उघडलं. सर्व कर्मचारी बिल्ल्यांसह हजर. “ही सही तुमचीच ना?” त्यांनी विचारलं. “आणि ही याची?”

दोघांच्याही होत्या. मग आता बोलताय ते खरं कशावरून, तो हिशोबाचा कागदही मागाहून लिहिला नसेल कशावरून, पुतण्यासारखा म्हणून वाचवताय कशावरून, असं वकील म्हणाला. अहवालात काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही, पण लिहिणारा शेजाऱ्याला पुटपुटत सांगत होता ते ऐकलं. कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा. बिल्ल्याची नोंद: नगण्य.

सगळे उठले. संकल्प जाता जाता टेबलापाशी थांबला. मला उचलायला त्याने सवयीने उजवा हात पुढे केला. रिकाम्या बाहीचं टोक माझ्यावरून फिरलं, मी जागचा हललो नाही. त्याच्या लक्षात आलं. मग डावा हात पुढे करायचं त्याने मनात आणलं नाही, तसाच बाहेर गेला.

आता मी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, पिशवीवर लाखेचं सील आहे, आणि ती एका फायलीला दोऱ्याने बांधली आहे. माझ्या पोटात पट्टी नाही. धूळ बसत नाही, ओरखडा उठत नाही, अगदी नव्यासारखा दिसतो. संकल्पने अपील केलंय म्हणतात. तेव्हा मला पुन्हा टेबलावर ठेवतील, आणि मी पुन्हा त्याच्या विरुद्ध साक्ष देईन, कारण मला तेवढाच एक आकडा येतो.

तुम्ही कुठेही असा, अणुभट्टीत, दवाखान्यात, कारखान्यात, तुमच्याकडेही माझी भावंडं असतील, मीटर असेल, चिमटा असेल, भिंतीवर तक्ता असेल. हात जोडून सांगतो, आम्हाला जपू नका. आम्ही मळू दे, झिजू दे, तुटू दे. चूक झाली तर त्याच दिवशी ओरडून सांगा, मग नोकरी जावो, नाव जावो. संकल्पला आता माझा काही उपयोग नाही, आणि माफी मागायला माझ्याकडे तोंड नाही.